येताना कोणी विचारत नाही

सां जुआनच्या जुन्या देवळाचा दगडी मनोरा वळणावर दिसू लागला, तेव्हा दोलोर्सच्या लक्षात आलं की आपल्या दिराच्या पाठीवरची पिशवी आज जरा जास्तच फुगली आहे.

सोल्देउ गावाहून सकाळी निघालेल्यांची वाट आता निम्मी सरली होती. मेरिचेलच्या देवळातल्या आईचा उत्सव म्हणजे सगळ्या अँडोराला सुट्टी. बायामाणसं, पोरंटोरं, कुत्री, सगळी नदीच्या कडेने उताराला लागली होती. कुरणांत दुसऱ्या कापणीचं गवत वाळत पडलं होतं आणि मधेमधे ती बिनपानांची जांभळी फुलं वर आली होती. ती दिसली की गुराखी म्हणतात, चला, आता गुरं खाली आणायची. दरवर्षी तिचा दीर इसिद्रे या वाटेवर सगळ्यांच्या पुढे असायचा आणि मागे वळून बायकांना चिडवायचा. आज तो सगळ्यांच्या मागे होता, आणि गप्प होता. इसिद्रे गप्प म्हणजे काहीतरी शिजतंय, हे दोलोर्सला त्या घरात लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होतं.

"भावजी," ती त्याच्या बरोबरीला येत म्हणाली, "आईच्या दर्शनाला निघालात की मुलूख सोडून?"

"पाव आहे वहिनी. सुकं सॉसेज आहे. माणसाला भूक लागते."

"आणि पावाशी तोंडी लावायला दोर?"

दोराचं टोक पिशवीच्या झाकणाखालून लोंबत होतं. इसिद्रेने ते आत खुपसलं. "दोर जवळ असलेला बरा. कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही."

"पडेल ना. तुम्हालाच बांधून ठेवायला पडेल."

एरवी तो हसला असता. आज त्याने पुढे चाललेल्या बाईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोला. तिला ऐकू जाईल."

ती म्हणजे कासिल्दाबाई. डोक्यावर उंच पांढरी टोपी, पाठीवर दोन लांब वेण्या, अंगाने आडवी, पण चाल अशी की तरण्या मुलींनी मागे राहावं. बोलिव्हियाच्या डोंगरातली बाई. इथल्या चढउताराचं तिला काय कौतुक! तिची लेक एलोइसा सीमेपलीकडे, स्पेनमधल्या ला सेउ गावात होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. आणि आई सीमेच्या अलीकडे दोलोर्सच्या घरात अडकून पडली होती. नाक्यापासून ला सेउ इतकं जवळ की चुलीवर ठेवलेलं दूध उतू जायच्या आत जाऊन पोचावं. पण नाकाच ओलांडता येत नव्हता.

तिला अडकवलं होतं इसिद्रेने. निदान तो स्वतःला तसं म्हणून घेत होता, आणि खरं सांगायचं तर फारसं खोटंही म्हणत नव्हता.

इसिद्रे ‘काल रोक’ नावाच्या घराचा धाकटा मुलगा. थोरला आंद्रेउ, दोलोर्सचा नवरा. घर, कुरण, गुरं थोरल्याची. धाकट्याने एकतर नशीब काढायला बाहेर पडावं, नाहीतर लग्न न करता भावाच्या घरात काका म्हणून राहावं, अशी जुनी रीत. इसिद्रे राहिला. दोलोर्सची मुलं त्याने खांद्यावर वाढवली. एका मुलीचं नाव त्याच्याशी जोडलं जात होतं म्हणे, पण ती फ्रान्सला गेली आणि इसिद्रेने तिच्याबद्दल चकार शब्द कधी काढला नाही.

त्याची आई खालच्या सां जुलियाकडची, तंबाखू पिकवणाऱ्या घरातली. त्यामुळे मिसरूड फुटायच्या आधीपासून इसिद्रे मामाबरोबर तंबाखूचे गठ्ठे पाठीवर घेऊन डोंगरातून पलीकडे बेस्कारान गावात उतरायचा. त्याला कोणी चोरी म्हणत नसे. पलीकडे तंबाखू महाग, आपल्याकडे स्वस्त, मधे डोंगर. मग डोंगराने दिलेले पाय कशाला आहेत? मामाचं एक बोलणं होतं. रिकाम्या पाठीने सीमा ओलांडणाऱ्याला डोंगर ओळख देत नाही. पोराने ते बाराखडीसारखं पाठ केलं.

पुढे रस्ते रुंद झाले, बर्फावर घसरायला परदेशी माणसं येऊ लागली, आणि काल रोकच्या गोठ्याची खानावळ झाली. खानावळीवर खोल्या चढल्या. आंद्रेउ गेल्यावर स्वयंपाकघर दोलोर्सकडे राहिलं आणि दाराशी, किल्ल्या आणि फोन घेऊन, इसिद्रे बसला. हे काम त्याच्यासाठीच घडवलेलं होतं. पाहुणा आला की आधी पाणी, मग खुर्ची, मग गप्पा, आणि खोलीची किल्ली सगळ्यात शेवटी. पाहुणा दमून उभ्याउभ्या डुलायला लागला तरी याची मामाची गोष्ट संपायची नाही.

फोनवर कोणी विचारलं, तुमच्या देशाला यायला व्हिसा लागतो का, की तो छाती फुगवून सांगायचा, "व्हिसा? अहो, आमच्याकडे विमानतळ नाही, आगगाडी नाही आणि व्हिसाही नाही! कुठूनही या, कोणीही या. आमचं म्हणजे देवाच्या दारासारखं आहे."

स्वयंपाकघरातून दोलोर्स ओरडायची, "देवाचं दार तुम्हाला काय माहीत? तुम्ही बाहेरच्या बाकावर बसणारे!"

तेही खरंच होतं. मेरिचेलचं जुनं देऊळ उत्सवाच्याच रात्री जळालं, त्यात आईची लाकडी मूर्तीही गेली, तेव्हा इसिद्रे ऐन तारुण्यात होता. नवं देऊळ झालं, तशीच दुसरी मूर्ती घडवून बसवली. सगळे आत गेले. इसिद्रे गेला नाही. "मी ओळखत होतो ती आई जळली," एवढंच तो म्हणाला. दरवर्षी पायी यायचा, पोरांना आत पाठवायचा आणि स्वतः बाहेर बाकावर ऊन खात बसायचा. दोलोर्सने त्याला कधी आग्रह केला नाही. ती मनात म्हणायची, माणूस चालत येतो ना दारापर्यंत. पुढचं आई बघेल.

कोणी हौशी पाहुणा म्हणायचा, आमच्या पासपोर्टवर तुमच्या देशाचा शिक्काच नाही उमटला, तर इसिद्रे त्याला गाडीत घालून वरच्या नाक्यावर न्यायचा आणि शिक्का मारून आणायचा. "आमचा शिक्का मागून घ्यावा लागतो," तो कौतुकाने सांगायचा, "पण मागितला की नाही म्हणत नाहीत."

हे सगळे पाहुणे फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रज. ज्यांना कुठेच कोणी अडवत नाही असे. त्यामुळे नियमाची दुसरी बाजू इतक्या वर्षांत काल रोकच्या उंबऱ्यावर कधी आलीच नाही. ती आली एलोइसामुळे.

एलोइसाने दोन हिवाळे दोलोर्सच्या हाताखाली काम केलं होतं. कोबी-बटाट्याची त्रिंचात उलटताना ती न मोडण्याची युक्ती दोलोर्सने सुनेला शिकवावी तशी तिला शिकवली. दूध घालायला येणारा ला सेउचा कीम तिथेच तिच्या नजरेत भरला आणि लग्न करून ती पलीकडे गेली. आता बाळंतपणासाठी तिची आई बोलिव्हियातल्या कोचाबांबाहून आली होती. एलोइसाचा फोन आला, "काका, आईने मेरिचेलच्या आईला नवस बोललाय. एक मेणबत्ती लावायची आहे, माझी सुटका नीट व्हावी म्हणून. डॉक्टरांनी मला हलायला मनाई केलीये. तिला एकटीला पाठवू का? तिला काही कागद लागेल का?"

"काही लागत नाही पोरी! बसमध्ये बसवून दे. पुढचं माझ्याकडे."

कासिल्दाबाई आली. मेणबत्ती लावली, दोलोर्सच्या हातचं जेवली, इथल्या बटाट्याला चव नाही असं स्वच्छ सांगून टाकलं आणि दुपारी जायला निघाली. इसिद्रे म्हणाला, बस कशाला, मी सोडतो.

नाक्यावर गाड्यांची रांग होती. पलीकडचे शिपाई रोज बघतात ते एकच: गाडीत तंबाखू किती. एका पोरगेल्या शिपायाने इसिद्रेच्या गाडीच्या खिडकीत मान घातली.

"आजोबा, काही जास्तीचं?"

"छे रे! म्हातारा माणूस मी. ओढतही नाही."

शिपायाने हसत मागच्या सीटखाली हात घातला, आणि त्याच्या हाताला कागदात बांधलेले सिगारेटचे मोठे डबे लागले. एकामागून एक ते बाहेर येत राहिले. कासिल्दाबाई बघतच राहिली.

"हे माझं नाही," इसिद्रे म्हणाला.

"मग कोणाचं? या बाईंचं?"

"म्हणजे माझंच, पण माझ्यासाठी नाही. पलीकडे एक लोहार आहे, जुना दोस्त. त्याला..."

"उतरा खाली. सगळ्यांचे पासपोर्ट."

तो पोरगा वाईट नव्हता. त्याने कासिल्दाबाईचा पासपोर्ट उलटसुलट पाहिला, आत जाऊन वरिष्ठाला दाखवला, आणि परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "बाई, तुमचा व्हिसा एकदाच आत येण्याचा आहे. तुम्ही बार्सिलोनाला उतरलात तेव्हा तो वापरला गेला. या लोकांकडे गेलात म्हणजे आमच्याकडून बाहेर पडलात. आता परत आत यायला दुसरा व्हिसा लागेल."

"मी बाहेर कुठे गेले?" कासिल्दाबाई म्हणाली. "मी देवाला गेले होते."

"अहो, आमच्याकडे व्हिसा लागत नाही!" इसिद्रे मधे पडला.

"आजोबा, तुमच्याकडे लागत नाही. पण तुमच्याकडून कुठेही जायचं तर आमच्याकडूनच जायचं ना? नाहीतर फ्रान्समधून. तिकडेही हाच नियम."

आयुष्यभर इसिद्रेने येणाऱ्यांसाठी दार उघडं आहे एवढंच सांगितलं होतं. परत जाणाऱ्याला ते दार बंद असू शकतं, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. इथल्या माणसाला ते सुचायचंच नाही. तो सकाळी पलीकडे खत आणायला जातो आणि दुपारी जेवायला घरी येतो. सीमा म्हणजे त्याला अंगण आणि ओसरी यांच्यातली पायरी.

घरी आल्यावर दोलोर्सने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ती ही! भावजी, तंबाखू नसता तर त्याने पासपोर्ट मागितला असता?"

"नसता मागितला," इसिद्रे म्हणाला. "रोज हजार माणसं जातात. नसता मागितला."

त्या दिवसापासून इसिद्रेला घास जाईना. स्पेनच्या वकिलातीच्या कचेरीत नव्या व्हिसासाठी कागद दिले. तिथली बाई सभ्य होती. म्हणाली, मिळेल, पण वेळ लागेल. बाळाला थांबवता येत नाही हे मला कळतं, पण कागदालाही घाई करता येत नाही. तरी इसिद्रे रोज सकाळी खाली उतरायचा आणि कचेरीच्या बाहेर बसायचा, जसा मेरिचेलला बसतो तसा. कासिल्दाबाई मात्र रडत बसली नाही. तिने दोलोर्सच्या स्वयंपाकघराचा अर्धा ताबा घेतला. त्रिंचातीत मिरची घातली आणि पाहुण्यांना घाम फोडला. फक्त संध्याकाळी भांडी झाली की ती मागच्या दारात उभी राहून दरीच्या खालच्या अंगाला बघायची. तिकडे लेक होती. दोलोर्स तिला हाक मारायची नाही. दिवा लावून मनातल्या मनात आईला म्हणायची, बाई गं, तुझ्याच दाराला आली होती ती. आता तूच बघ.

आणि आज हा दोर.

"भावजी, खरं सांगा," दोलोर्स म्हणाली. "बेस्कारानची वाट डोक्यात आहे ना?"

इसिद्रेने थोडा वेळ काठीचं टोक दगडांवर आपटलं. "उत्सव झाला की आज सां जुलियाला मामाच्या घरी मुक्काम. उद्या उजाडताच निघायचं. दुपारपर्यंत ती लेकीजवळ. वाट मला अजून डोळे मिटून येते. एक घसरडा टप्पा आहे, त्याला दोर."

"तुमच्या वयाला शोभतं का हे?"

"वयाचं काय घेऊन बसलात? माझ्यामुळे झालंय."

"म्हणून एका चुकीवर दुसरी रचायची? आणि धरलं म्हणजे?"

"त्या वाटेवर कोण धरतंय! वहिनी, तिची लेक तिकडे एकटी आहे. पहिली वेळ आहे. तुमच्या पहिल्या वेळी तुम्ही आई, आई म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, मी बाहेर लाकडं फोडत होतो, मला आठवतंय."

दोलोर्सलाही आठवत होतं. तिची आई त्या वेळी बर्फामुळे वेळेत पोचली नव्हती.

"तरी चोरवाटेने नाही," ती शेवटी म्हणाली. "मला पटत नाही. आईच्या नवसाला आलेली बाई अशी चोरासारखी परत पाठवायची?"

"मग कशी पाठवू, सांगा. सांगा ना! मी रोज जाऊन त्या बाकावर बसतो. माझ्या बसण्याने कागद येतो का?"

पुढे कानिल्योच्या अलीकडे झरा आहे. तिथे कासिल्दाबाई थांबली होती. टोपी काढून तिने तोंडावर पाणी मारलं आणि दोघं जवळ आल्यावर म्हणाली, "दादा, वारा मागून वाहतोय. तुमचं सगळं बोलणं माझ्यापर्यंत येतंय."

इसिद्रे लहान मुलासारखा खाली बघायला लागला.

"तुम्ही माझ्यासाठी डोंगर चढाल, हे मला कळलं. देव तुमचं भलं करो. पण मी नाही यायची."

"कासिल्दाबाई, कोणी बघणार नाही. मी त्या वाटेने इतक्या वेळा..."

"तुम्ही तंबाखू नेत होता दादा. तंबाखूला नाव नसतं." तिने टोपी परत डोक्यावर ठेवली. "मी विमानातून उतरले तेव्हा त्यांनी माझ्या बोटांचे ठसे घेतले. विचारलं, कशाला आलात? मी म्हटलं, नातवंड बघायला. मी खरं बोलले, त्यांनी आत घेतलं. आता डोंगरावरून उतरले तर माझं ते खरंही खोटं होईल. मी काय, मी आपली परत जाईन. पण माझ्या लेकीला इथेच संसार करायचाय. उद्या ती कसला कागद मागायला गेली की म्हणतील, हिचीच ना ती आई, डोंगरावरून आलेली?"

तिघं चालत कानिल्योला पोचली. गावात बँड वाजत होता, चौकात पोरं गोड पावाचे तुकडे वाटत होती. एकाने इसिद्रेला हाक मारली, "काका, आज तोंडाला कुलूप? किल्ली वहिनींकडे का?" त्याने नुसता हात हलवला.

तेवढ्यात दोलोर्सच्या पिशवीतला फोन वाजला. कीमचा होता. बँडमुळे नीट ऐकू येईना.

"मावशी, सासूबाई बरोबर आहेत ना? मेरिचेलला पोचलात की तिथेच थांबा. कुठे जाऊ नका."

"काय झालं रे? एलोइसा बरी आहे ना?"

"थांबा तिथेच," तो म्हणाला आणि फोन बंद झाला. परत लावला तर कोणी उचलेना.

उरलेली वाट दोलोर्सला कधी नव्हे ती लांब वाटली. कासिल्दाबाई आता पुढे नव्हती, दोघांच्या मधे होती, आणि शेवटच्या चढावर पहिल्यांदाच तिला धाप लागली. इसिद्रेने तिच्या हातातली पिशवी घेतली. कोणी कोणाला धीर दिला नाही. दोलोर्सने खिशातल्या जपमाळेचे मणी पुढे सरकवायला घेतले, पण कोणत्या मण्यावर काय म्हणायचं तेच तिला आठवेना. ती नुसतं, आई, आई, करत राहिली.

देवळाच्या आवारात ही गर्दी. आणि गर्दीच्या कडेला, इसिद्रेच्या बाकावर, दोन्ही पाय पसरून, पोट सांभाळत, एलोइसा बसली होती. गोड पाव खात होती. शेजारी कीम उभा होता, आणि दिवस तिचे भरलेत की त्याचे असा प्रश्न पडावा इतका तो घामाघूम झाला होता.

कासिल्दाबाई जागच्या जागी थांबली. मग टोपी पडली तरी न उचलता धावली.

मायलेकींचं रडून झालं, आणि मग रीतसर रागावणंही झालं. "डॉक्टर काय म्हणाले होते तुला?"

"म्हणाले होते, गाडीत बसू नको."

"मग?"

"मग तू येऊ शकत नाहीस म्हणून मी आले. मला यायला बंदी नाही, परत जायलाही नाही. माझ्याकडे तिथे राहायचं कार्ड आहे, कीम तर तिथलाच. इतके दिवस आपण सगळे तुला तिकडे कसं न्यायचं याचाच विचार करत बसलो. काल रात्री माझ्या डोक्यात आलं, अगं, इकडे यायला दार उघडंच आहे!"

"आणि ही गाडीत बसून मला सांगते, हळू चालव," कीम म्हणाला. "मागून सगळा देश भोंगे वाजवत होता. राजधानीतून येताना तर एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं."

"नाक्यावर काही म्हणाले का?" इसिद्रेने विचारलं.

"काही नाही काका. शिपायाने माझं पोट बघितलं आणि म्हणाला, जा जा, लवकर जा. येताना कोण विचारतंय?"

"बाळ इथेच होऊ दे," दोलोर्स म्हणाली. तिचं मन एव्हाना पुढच्या कामाला लागलंही होतं. "खालच्या दवाखान्यात आज जाऊन सांगून येऊ, परत घाटात गाडी नको. खोली कोणती द्यायची? स्वयंपाकघरावरची उबदार आहे, पण ती भावजींची."

"दिली," इसिद्रे म्हणाला. "मी माळ्यावर झोपेन."

"माळ्यावर गारठाल."

"मामाच्या वाटेवर बर्फात झोपलोय वहिनी. मामाने कधी पांघरूण विचारलं नाही."

मग दोघी आत गेल्या, आई लेकीचा हात धरून. कीम त्यांच्या मागोमाग मेणबत्त्या घेऊन गेला. दोलोर्सही जाऊन आली. आईसमोर उभं राहिल्यावर तिला काही मागायचं सुचलं नाही. नमस्कार करून ती परत फिरली, कारण बाहेर एक माणूस बाकावर एकटा बसला होता.

इसिद्रेने पिशवी पुढ्यात घेतली होती. "भूक लागली असेल," तो म्हणाला. "पाव काढतो." त्याने दोर काढून बाजूला ठेवला. पाव काढला, सॉसेज काढलं, चाकू काढला. मग त्याचा हात पिशवीच्या तळाशी गेला आणि तिथेच थांबला.

"काय झालं?"

त्याने हात बाहेर काढला. हातात जुन्या वर्तमानपत्रात नीट बांधलेले दोन डबे होते. वरून सुतळी, सुतळीला मामाची ती चपटी गाठ.

दोलोर्सने डब्यांकडे पाहिलं. मग दिराकडे. "भावजी! बाईला डोंगरावरून न्यायला निघालात, आणि तेही तंबाखू घेऊन?"

"आईशप्पथ वहिनी, मी नाही घातले," इसिद्रे म्हणाला आणि मग स्वतःच्या हातांकडे बघू लागला. "म्हणजे मीच घातले असणार. गाठ माझीच आहे. पण कधी घातले ते आठवत नाही. पिशवी भरताना हात आपोआप गेला असेल."

त्याचा चेहरा इतका खरा घाबरलेला होता की दोलोर्सला राग यायच्या ऐवजी हसू आलं. हसता हसता तिने डोळे पुसले. तो मात्र हसला नाही. आतून गाण्याचा आवाज येत होता. उघड्या दारातून मेणबत्त्यांच्या गर्दीत ती उंच पांढरी टोपी दिसत होती. कोणीतरी ती उचलून कासिल्दाबाईला परत दिली असावी.

इसिद्रेने डबे वहिनीच्या मांडीवर ठेवले आणि पाव कापायला घेतला. एक तुकडा तिला दिला. बराच वेळ चावत राहिला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला,

"वहिनी, एक करा माझ्यासाठी. यापुढे मी गाडी काढली ना, कुठेही जायला असो, की आधी तुम्ही बाहेर या आणि सीटखाली हात घालून बघत जा. मी नको नको म्हणेन, चिडेनही. तरी बघत जा."